शाफ्टवरचा अंगठा

१९९६ साल. मी एक्केचाळीस वर्षांचा. वालीवच्या वर्कशॉपमध्ये मालकाच्या पोराने माझ्या दोन्ही हातांना दुधाच्या रिकाम्या पिशव्या बांधल्या. मनगटाला रबर. सगळ्यांच्या देखत.

"आजपासून हे घालूनच काम. तुमच्या लोकांच्या हातातलं मीठ सात जन्मांत जायचं नाही."

पोरगं माझ्या निम्म्या वयाचं. इंजिनियर.

मागून कोणीतरी ओरडलं, "मामा, चहाला दूध द्या जरा!" सगळे हसले.

कारण होतं एक शाफ्ट. पंपाचा दांडा, घासून आरशासारखा केलेला. त्यावर गंज चढला होता, बरोबर अंगठ्याच्या आकाराचा. तयार माल तेलाच्या फडक्यानेच उचलायचा, हा तिथला नियम. घामाचा हात लागला की वसईच्या हवेत सकाळपर्यंत लोखंड लाल. आणि मी मिठागरातून आलेला. मग चोर शोधायची गरजच काय?

मिठागर बंद पडलं म्हणून टर्नरचं, लेथवर लोखंड कातायचं काम शिकायला आलो होतो. तिसरीपर्यंत शाळा. सात महिने लेथ पुसला, लोखंडाचा कीस गोळा केला. माप घ्यायचा मायक्रोमीटर मात्र एकदाही हातात दिला नाही. फोरमन म्हणायचा, "लांबून बघ." मी लांबूनच बघितलं. रोज बघितलं. ज्याला माप घेता येत नाही तो टर्नर नाही, हमाल. हे मला कळत होतं. त्यांनाही कळत होतं, म्हणून तर देत नव्हते.

त्या पिशव्या घालून मी अर्धा दिवस काम केलं. होय, केलं. त्याची लाज आजही आहे.

जेवायच्या सुट्टीत पिशव्या सोडल्या. घामाने पांढरे पडलेले हात बघितले आणि डोकं फिरलं. खाऱ्या पाण्यात वीस वर्षं घासलेली बोटं. गुळगुळीत. एक रेघ शिल्लक नाही.

फडक्याने शाफ्ट उचलला, उजेडात धरला. गंजाच्या ठशात रेघा होत्या. बारीक, गोल गोल, स्पष्ट.

खुणा करायची निळी शाई अंगठ्याला फासली. सरळ त्या पोराच्या केबिनमध्ये गेलो, टेबलावरच्या कोऱ्या कागदावर अंगठा दाबला. नुसता निळा डाग.

"हा माझा. आता तुमचा द्या, साहेब."

आदल्या दिवशी गिऱ्हाईकाला दाखवायला त्यानेच शाफ्ट उघड्या हाताने उचलला होता. सगळ्यांनी बघितलं होतं. आता सगळे दारात उभे.

त्याने हात खिशात घातला. "जास्त शहाणा झालास."

फोरमनने मला बाजूला घेतलं. "मामा, माफी मागा, विषय संपवा. घर चालवायचंय ना?"

सात महिन्यांत पहिल्यांदा तो मला 'माग' नाही, 'मागा' म्हणाला.

"चूक त्याची, माफी मी? नाय मागनार."

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडूला हात लावला नाही. हात साबणाने धुतले, कोरडे केले, तेल चोळलं. फोरमनच्या पेटीतून मायक्रोमीटर काढला.

"ठेव तो," फोरमन म्हणाला.

"माप झालं की ठेवतो."

पहिला शाफ्ट घेतला. आकडा सगळ्या वर्कशॉपला ऐकू जाईल असा वाचला. "पंचवीस पॉइंट शून्य दोन."

कोणी चूक काढली नाही. मी दुसरा शाफ्ट घेतला.