इकबालभाईंचा हॉल

रविवारी दुपारी बिर्याणी उरकली की इकबालभाई आपल्या खाटेवर मांडी घालून बसत, लॅपटॉप पुढ्यात ओढत, हेडफोन चढवत आणि आम्हा तिघा रूममेटना बजावत, "खलास! मी हॉलमध्ये चाललो. कोणी हाका मारू नका." दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या त्या खोलीत चार खाटा, एक एसी आणि चौघांचे वाळत घातलेले टॉवेल होते. हॉल नव्हता. तरी पुढचे दोन-तीन तास भाई आमच्यात नसत, हे मी शपथेवर सांगतो. मध्येच ते डाव्या खांद्यावरून मागे वळून बघत. मागे भिंत होती. मी नवा होतो तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्यांना मानेचा काही आजार असावा.

हॉल होता रत्नागिरीजवळच्या त्यांच्या गावात. शारजातल्या टाइल्सच्या शोरूममध्ये उमेदीची सगळी वर्षं घालवून भाईंनी तिथे घर बांधलं आणि त्यात स्वतःची म्हणून एकच हौस केली. हॉलमध्ये पाच स्पीकर बसवले, पुढे तीन आणि मागे दोन. रजा वर्षातून एक महिना, त्यातली निम्मी लग्नांत आणि बँकेत जायची. उरलेल्या दिवसांत भाई सोफ्याच्या मधोमध बसून सिनेमा ऐकत. पाहत नसत, ऐकत.

"हबीबी, हेलिकॉप्टर दिसल्यावर ऐकू आलं तर काय मजा? दिसायच्या आधी मागून आलं पायजे."

इकडे परतल्यावर तोच सिनेमा हेडफोनवर लावला की पाच वाटांनी येणाऱ्या आवाजाची खिचडी होऊन दोन कानांत पडायची. मग इंटरनेटच्या कुठल्याशा कोपऱ्यात भाईंना इलाज सापडला. पुढच्या रजेत त्यांनी दोन्ही कानांत इवलेसे माइक बसवले, सोफ्यावर पुतळ्यासारखे बसले आणि एकेका स्पीकरमधून एक चढता सूर वाजवून तो आपल्या कानापाशी कसा पोचतो ते टिपून घेतलं. हॉलच्या भिंती, पडदे, भाईंचे कान, सगळ्यांची छाप त्या फाइलमध्ये उतरली. लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर ती छाप सिनेमाच्या आवाजावर चढवायचं, की हेडफोनमध्ये हॉल उभा! टिपून घेताना अख्खं घर श्वास रोखून होतं. फक्त भाभींच्या कुकरला कोणी सांगितलं नव्हतं. डाव्या मागच्या स्पीकरची पाळी आली आणि स्वयंपाकघरातून शिट्टी झाली. तेव्हापासून त्या बाजूच्या प्रत्येक आवाजाला एक बारीक सूंऽ चिकटली. भाई वळून बघायचे ते तिकडे.

"पुन्हा मोजा की," मी म्हटलं.

"कशाला? घर हाय ते, स्टुडिओ नाय."

एकदा मोठ्या मेहरबानीने त्यांनी मला हॉलमध्ये नेलं, म्हणजे हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवले. "मागून आलं ना?"

"भाई, हेलिकॉप्टर माझ्या टाळूवर उतरलं."

भाई अजिबात खजील झाले नाहीत. "तुझे कान वेगळे. हा माझ्या कानांच्या मापाने शिवलाय. दुसऱ्याला यायचाच नाय." एवढा खपून उभा केलेला हॉल, त्यात पाहुणा येऊ शकत नाही, आणि याचाच माणसाला केवढा अभिमान!

मग मुलाचं, आसिफचं लग्न झालं. भाई रजेवरून परतले ते हॉलचं नावही न काढता. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "हॉलमध्ये पार्टिशन टाकलं. आसिफच्या बायकोला खोली नको? सोफ्याच्या जागी त्यांचं कपाट आलं. स्पीकर माळ्यावर."

"तुम्हाला विचारलं नाही?"

"विचारलं ना, व्हिडिओ कॉलवर. मीच म्हटलं, यल्ला, टाका." त्यांनी हेडफोन पुसायला घेतले. "मी महिन्याचा पाहुणा. पाहुण्याला एवढी जागा कशाला?"

मला त्या न पाहिलेल्या मुलाचा फार राग आला. त्याला काही अर्थ नव्हता, कारण भाईंना आला नव्हता. पुढच्या रविवारी ते नेहमीसारखे हॉलमध्ये गेले. आता तो हॉल फक्त त्या फाइलमध्येच उरला होता.

यंदा वय झालं म्हणून शोरूमने भाईंना निरोप दिला. निघायच्या दुपारी बॅगा दारात, टॅक्सी खाली, आणि भाई खाटेवर हेडफोन लावून बसलेले.

"भाई, आता कायमचे घरी चाललात. आता हे कशाला?"

"घरी चाललोय. हॉलमध्ये थोडाच चाललोय?" त्यांनी हेडफोन काढले. "ये, ऐक."

हेलिकॉप्टर पुन्हा माझ्या टाळूवर उतरलं. भाई माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि इतक्या वर्षांत मी त्यांना असं घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

"मागून आलं ना?"

"मागूनच आलं, भाई. डावीकडून. कुकरपण ऐकू आला."

कुकरचं तेवढं खरं होतं. बाकी सगळं भाईंच्याच शास्त्राप्रमाणे अशक्य होतं, आणि ते शास्त्र त्यांना तोंडपाठ होतं.

"सांगत नव्हतो?" भाई म्हणाले. लॅपटॉप त्यांनी बॅगेत नाही टाकला, छातीशी धरला. "गावाला ये एकदा. निवांत बसू, हॉलमध्ये."