तिकडचीही एक काकू

माझ्या थोरल्या जाऊबाई पन्नाशीच्या, पण ऑफिसात रोज लहान होतात. इंटरनेटवरच्या घाणेरड्या व्हिडिओंपासून मुलांना जपणाऱ्या सरकारी खात्यात त्या आहेत. साइटवर लहान मुलाचं वय टाकायचं आणि ती आत सोडते का, ते बघायचं, हे त्यांचं काम.

कार्टून बघता बघता माझी लेक तसल्याच एका साइटवर पोचली आणि तेव्हापासून एकटी झोपेनाशी झाली. जाऊबाईंनी ती साइट इथे बंद करवली, तर मालकाने दुसऱ्या देशातून नव्या नावाने पुन्हा सुरू केली. मग जाऊबाईंनी तिथल्या तशाच खात्यातल्या एका बाईंना गाठलं. दोघींचं इंग्रजी तोडकंमोडकं, पण अडलं नाही. त्या बाईंनी मालकाला नोटीस धाडली, की वय तपासा, नाहीतर कुलूप लावा.

काल मी जाऊबाईंचा विसरलेला डबा द्यायला गेले, तेव्हा दोघी फोनवर होत्या आणि दोन्हीकडून एकदमच वय टाकून बघत होत्या. इथे पडद्यावर 'प्रवेश नाही' असं आलं. जाऊबाईंनी तिकडचं विचारलं आणि हसल्या.

"तिकडेही हाकललं गं."

मी डोळे मिटून हात जोडले.

"देवाचं नंतर. आधी बाईंना थँक्यू म्हण," म्हणत त्यांनी फोन माझ्या कानाला लावला. मी म्हटलं.

संध्याकाळी लेकीला सगळं सांगितलं.

"परत नाव बदलून आली तर?"

"तर काकू आहे. आणि आता तिकडेही एक काकू आहे."

तिने जरा विचार केला, माझ्या शेजारची आपली उशी उचलली आणि स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवली.