कॉम्प्युटरला पाजलेलं तेल

खटखटे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. उभा जन्म टाइपरायटर दुरुस्त करण्यात गेला, म्हणून गल्लीने ते चिकटवलं, आणि मूळ आडनाव फक्त वीजबिलावर उरलं. माणूस भलता हेकट. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती: ज्यांना मशीन कळतं ती, आणि जावई.

जावई त्यांना पहिल्यापासूनच डोळ्यांसमोर नको असायचा. गोड बोलायचा, हळू बोलायचा आणि शेवटी आपलंच खरं करायचा. "चालू आहे," एवढंच ते लग्नाआधी मुलीला म्हणाले होते. आज खटखट्यांच्या घरात चालू म्हणावं असं तेवढंच एक होतं, कारण कॉम्प्युटर बंद पडला होता आणि जावई त्याच्यासमोर मांडी घालून बसला होता.

कॉम्प्युटर कोणी मारला हे खटखट्यांना पक्कं ठाऊक होतं. पंखा घरघरायला लागला तेव्हा त्यांनी खोका उघडला, पंख्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले, आणि उघडलाच आहे तर आतल्या खाचांनाही जरा सढळ हाताने पाजलं. मशीन म्हटलं की तेल आलंच! दुसऱ्या दिवसापासून पडदा काळा.

हे मुलीला सांगायची सोय नव्हती. आई गेल्यापासून तिने एकच धोशा लावला होता, की बाबा, एकटे राहू नका, आमच्याकडे या. म्हाताऱ्याचं डोकं आता ठिकाणावर नसतं, असं जावई तिला सांगत असताना खटखट्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तेलाचं कळलं असतं तर या घराला कुलूपच लागलं असतं. म्हणून त्यांनी आधीच ठोकून दिलं होतं, "गेल्या रविवारी जावईबापूंनी हात लावला, तेव्हापासून बसलाय."

जावयाने प्लग हलवून पाहिला, पडद्याची वायर काढून परत खोचली, बटण दाबलं. पंखा फिरला, आतून पीं पीं झालं, पडदा ठार काळा.

"असा ओरडतो म्हणजे आतलं काहीतरी नीट बसलेलं नाही," तो म्हणाला. "खोका उघडतो."

"काही गरज नाही! आधी मोडायचं, मग उघडून मिरवायचं."

"बाबा, पुरे हं," स्वयंपाकघरातून मुलगी ओरडली.

जावयाने स्क्रू काढले. मेमरीची पट्टी उपसली, बोटं एकमेकांवर चोळली, नाकाशी नेली. मग मान वर करून सासऱ्याकडे पाहिलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं खटखट्यांना झालं.

हात पुसत मुलगी दारात आली. "काय निघालं?"

"माझंच चुकलं," जावई म्हणाला. "त्या दिवशी माझ्याच हातून पट्टी हलली असणार. बाबा म्हणतात ते खरं."

मुलगी ओशाळली. "सॉरी, बाबा," म्हणून आत गेली. जावयाने शिव्या दिल्या असत्या तर खटखट्यांनी दसपट परत केल्या असत्या. या उपकाराला मात्र उत्तर नव्हतं, आणि ते त्या मेल्याला माहीत होतं, याचाच त्यांना संताप आला.

जावई रुमालाने पट्टी पुसत राहिला. "स्वच्छ झाली की होईल सुरू," तो हळूच म्हणाला. "तिला सांगायचं काही कारण नाही. पण आज याला तेल दिलंत, उद्या विजेच्या बोर्डाला द्याल. पुढच्या महिन्यात आमच्याकडे राहायला या. आणि तुम्हीच म्हणा तिला, तिला बरं वाटेल."

"आणि नाही म्हटलं तर?"

जावयाने तेलकट रुमालाची नीट घडी घातली आणि तो खिशात ठेवला.

मुलगी पाण्याचे ग्लास घेऊन बाहेर आली. "काय कुजबुज चाललीय दोघांची?"

"तुझ्याकडे राहायला कधी येऊ, ते विचारत होतो," खटखटे म्हणाले.

"खरंच, बाबा?" आनंदाने तिला रडूच कोसळलं. खटखट्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते जावयाच्या खिशाकडे पाहत होते.