बिनउंबऱ्याची चौकट

बापूसाहेबांच्या वखारीत रखमाजीनं उभी हयात आऱ्यावर काढली. मांडवगण फराट्याच्या पंचक्रोशीत घर उठलं की चौकटीचं लाकूड त्याच्याच हातनं चिरलेलं असायचं. त्याच्या स्वतःच्या घराला मात्र दाराजागी गोणपाट. "आपलं काय, सवडीनं करू," म्हणायचा. बायको गिताबाई करवादायची, "गावाला दारं लावत फिरता, आन् आपल्यात कुत्री पार चुलीपतूर येत्यात!"

मग हायवेला फ्लॅट निघाले. गावची गिऱ्हाइकं मागं सारून बापूसाहेबांनी बिल्डरचंच काम धरलं. पण फ्लॅट खपेनात. नुसते सांगाडे उभे राहिले, बिल्डरनं फोन उचलायचं सोडलं आणि चौकटींची थप्पी वखारीत पावसाळे खात बसली. वखारीला बाभळी आणून घालणारे यायचे थांबले. भुसा न्यायला येणाऱ्या बायका थांबल्या. समोरच्या साखरबाईनं चहाची टपरी उचलली.

एक दिवस बापूसाहेब म्हणाले, "रखमाजी, चौकटी तोड. जळणाला टेम्पो येतोय बॉयलरवाल्याचा. आन् आरा बी भंगारात चाललाय."

"दम धरा की जरा. बांधकामं सुरू झाली म्हंजी?"

"कशाच्या जिवावर धरू? तुला एक चौकट घेऊन जा."

आपणच चिरलेलं लाकूड त्यानं पुन्हा आऱ्याखाली घातलं. वाचलेली एक चौकट खांद्यावर घरी आणली. गिताबाईनं ती खालवर न्याहाळली.

"आवं, हिला उंबरा कुठाय?"

"फ्लॅटच्या चौकटीला नसतोय. तीनच बाजू."

"मग लक्ष्मी काय लिफ्टनं येती व्हय?"

ती चौकट बसवू देईना. वखारीत तर ढलपीही उरली नव्हती. आरा गेला तरी त्याच्या खालची बाभळीची तुळई तेवढी जमिनीत होती. ती जागेवर हाय तोवर आरा परत बसंल, असं रखमाजी मनाशी धरून होता. दोन दिवस तो नुसता तिच्यावर बसून आला. तिसऱ्या दिवशी पहार घेऊन गेला.

तुळई उकरून आणली, तासून तासून तिचा उंबरा केला. चौकट उभी राहिली. घरधन्यानं कारागिराला टॉवेल-नारळ द्यायचा, हा रिवाज. इथं दोन्ही तोच. म्हणून टॉवेल गिताबाईनं पुढं केला. मग तिनं उंबऱ्याला ओली हळद लावली. हळद थेंब थेंब होऊन खाली ओघळली.

"धरंना की वो."

"न्हाई धरायची. मशीनचं तेल प्यालंय ते जन्मभर."

सकाळी तोच टॉवेल डोक्याला गुंडाळून रखमाजी पाटसकडं उसाच्या मोळ्या भरायला निघाला. उंबऱ्यावर पाय पडू न देता, लांब ढांग टाकून.