काळी बाटली आणि नळावरची मोटर

फ्रेंड्स, आज आमच्याकडे काय झालं ते ऐका.

परवा हौसेने, पाण्यात जंतू असले की काळं करणाऱ्या टेस्टिंगच्या बाटलीत नळाचं पाणी भरलं होतं. आज सकाळी ते काळं झालं, म्हणजे त्यात गटाराचे जंतू! मी धावत जाऊन आमच्या कुकटपल्लीच्या गल्लीत सगळ्यांना दाखवलं.

शेजारच्या श्रीनूअण्णाची मुलगी जुलाबाने ॲडमिट आहे. त्याने रॉड घेऊन समोरच्या अंकलची नळाला लावलेली मोटर फोडली.

"तेरी मोटर फूटे पाइप से गटर खींचरी, मेरी बच्ची पीरी!"

"सब लगाते ना अण्णा!"

अण्णाने रॉड सरळ अंकलच्या डोक्यात घातला. रक्त माझ्या चपलेवर उडालं.

मी घरात पळाले. जिन्याखाली पोत्याने झाकलेली आमची मोटर चालूच होती. मी ती बंद केली, पण गल्लीत कुणालाच सांगितलं नाही.

तुम्ही सांगितलं असतं?