अस्वलाच्या डोक्यातलं मडकं

परवा इथं परदेशात, बिशानच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, भाजलेल्या शेंगांचा वास आला आणि मला ते अस्वल आठवलं. सांगते. लहानपणी आमच्या गावच्या थेटरात मोठ्या पिक्चरच्या आधी छोटं कार्टून लावायचे, पण वडील म्हणायचे, "ती चित्रं काय बघायची?" आणि शेंगा घेत घेत आम्हाला उशिराच पोचवायचे. त्यामुळे एका कार्टूनचा मला फक्त शेवट दिसला: डोक्यात मडकं अडकलेलं अस्वल धपकन नदीत पडतं. ते मडकं तिथं गेलं कसं, हे कोडं मी जन्मभर बाळगलं बघा. मग काही वर्षांपूर्वी इथं आमच्या ब्लॉकच्या लिफ्टजवळ जाहिरात लागली, खालच्या हॉलमध्ये जुनी कार्टून्स दाखवणार, आणि चित्रात तेच अस्वल! सहा वर्षांच्या नातीला घेऊन मी तासभर आधीच जाऊन बसले. "आजी, सो अर्ली लाह!" इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावत ती कुरकुरली. "गप गं, आज सुरुवात चुकवायची नाही." दिवे मालवले. अस्वलानं मध चाटायला मडक्यात आधी तोंड घातलं, मग डोकं, आणि ते काही बाहेर येईना! "अगं बाई, मधासाठी होय!" मी ओरडलेच, सगळा हॉल हसला. मधमाश्या मागे लागल्या, अस्वल नदीकडे पळालं, आणि नेमकी नात म्हणाली, "आजी, टॉयलेट. नाऊ!" मी ताडकन उठले. शेवट तर मला पाठच होता; तो मी तिला वाटेत, धपकनसकट, करून दाखवला. आता ती माझ्यापेक्षा उंच झालीय, पण परवा शेंगा सोलता सोलता म्हणालीच, "आजी, डू द धपकन."