तिला येतं ना स्पॅनिश

इंडियातून नव्याने आलेली एखादी फिजिओथेरपिस्ट किंवा नर्स मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मला गाठते आणि विचारते, "ताई, इथे डॅलसच्या बाजूला जॉबसाठी स्पॅनिश लागतं का हो?" प्रश्न साधा आहे, विचारणारीचा काही दोष नाही. तरी तो ऐकला की माझं डोकं फिरतं, आणि प्लेटमधली खिचडी गार होईपर्यंत मी बोलत सुटते. एका वाक्यात उत्तर मला आजवर देता आलेलं नाही. म्हणून हे लिहून टाकते.

मी नागपूरची. डॅलसजवळच्या अर्विंगमधल्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून बरीच वर्षं काम करते आहे. आमच्याकडे येणारे बरेचसे पेशंट छपरं घालणारे, हॉटेलांच्या खोल्या आवरणाऱ्या, रेस्टॉरंटच्या मागच्या बाजूला दिवसभर उभे राहणारे. पाठ, गुडघे, खांदे कामात झिजवून येतात आणि स्पॅनिशमध्ये कण्हतात. माझा रंग आणि चेहरा बघून पहिल्या दिवसापासून ते माझ्याशीच बोलायला लागले. मला येत नाही म्हटलं की काहींना खोटं वाटायचं. एका आजोबांनी तर शेवटी मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये मला झापलं, की आईबापांची भाषा विसरलीस, लाज नाही वाटत? मी म्हटलं, आजोबा, माझ्या आईबापांची भाषा मराठी. त्यांनी हे नाव ऐकलं नव्हतं. ते मेक्सिकोत कुठे येतं, असं त्यांनी विचारलं.

तेव्हा क्लिनिकमध्ये लीडची जागा निघायची होती. लीड म्हणजे आम्हा थेरपिस्टांचा मुख्य. कोणी कोणता पेशंट घ्यायचा, कोणाला किती वेळ द्यायचा, हे तो ठरवतो. मला ती जागा हवी होती. उगाच आडून कशाला सांगू, फार हवी होती. डायरेक्टरबाईंना तसं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तू स्ट्राँग कँडिडेट आहेस. फक्त स्पॅनिश असतं तर बरं झालं असतं. या शहरात लीडला स्पॅनिश हवंच."

हवंच ना? मग शिकले. दोन हिवाळे संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजच्या वर्गात बसले. वर्गात मीच सगळ्यांत मोठी. गाडी चालवताना धडे लावायचे आणि सिग्नलला मोठमोठ्याने क्रियापदं म्हणायचे, शेजारच्या गाडीतले लोक बघत राहायचे. घरी भाजी फोडणीला टाकून मोबाइलसमोर उच्चार घोटायचे. खरं शिकले ते पेशंटकडून. आमच्या क्लिनिकमध्ये विचारायची पद्धत आहे, दहापैकी किती दुखतं? आकड्यात खरं उत्तर कोणी देत नाही. इंग्लिशमध्ये विचारलं तर कसंनुसं हसून काहीतरी आकडा सांगतात. स्पॅनिशमध्ये विचारलं तर सांगतात, मुलीची वेणी घालता येत नाही, किंवा वरच्या फळीवरचं पातेलं काढायला शेजारणीला बोलवावं लागतं. हे कळलं की कुठला स्नायू धरायचा ते हाताला आपोआप समजतं. म्हणजे कामाला भाषा लागते की नाही, याचं उत्तर मला तेव्हाच मिळालं होतं.

आमच्या लोकांना ते पटायचं नाही. मंडळात एक काका आहेत, जुने डॉक्टर, आता रिटायर झालेत. मी स्पॅनिश शिकते म्हटल्यावर त्यांनी चष्मा वर केला. "तू कशाला शिकायचं? त्यांनी इंग्लिश शिकावं. आम्ही नाही शिकलो?" सगळे हो हो म्हणाले. मी म्हटलं, "काका, तुम्ही कॉन्व्हेंटात शिकून आलात. माझा पेशंट वयाच्या बाराव्या वर्षापासून विटा उचलतोय." काका म्हणाले, "शुद्ध चार वाक्यं बोलायला काय लागतं?" त्या 'शुद्ध'ने मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या वस्तीतून शाळेत गेलेल्या आम्हा मुलींना बाई वर्गात उभं करायच्या आणि आमच्या तोंडचं मराठी सगळ्यांसमोर धुवायच्या. आमचं बोलणं अशुद्ध, आमचं 'होय जी' गावंढळ. संध्याकाळी विहारातल्या अभ्यासिकेत आम्ही शुद्ध बोलण्याची प्रॅक्टिस करायचो, एकमेकींना हसायचो आणि घरी आलो की परत आपलं बोलायचो. माणसाचं दुखणं ऐकायच्या आधी त्याची भाषा तपासायची, ही खोड काकांनी विमानातून इकडे बरोबर आणली होती. त्या दिवशी मी काकांशी पुढे बोलले नाही. काकूंनी नंतर मला डब्यात लाडू भरून दिले, बहुतेक त्यांच्या वतीने.

लीडची जागा निघाली आणि ती दुसऱ्याला मिळाली.

तो दुसऱ्या राज्यातून आलेला, माझ्यापेक्षा लहान. माणूस वाईट नाही, हसतमुख आहे, सगळ्यांना डोनट आणतो. त्याला स्पॅनिशचा गंध नाही. डायरेक्टरबाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवून ठेवला, मी रडणार या हिशेबाने. मी विचारलं, "लीडला स्पॅनिश हवं होतं ना?" त्या म्हणाल्या, "आम्ही विचार केला की ते काही अगदी नेसेसरी नाही. आणि तू आहेसच की फ्लोअरवर, अडलं तर."

मी रडले नाही. टिश्यूचा डबा परत त्यांच्याकडे सरकवला. गरज सरो, वैद्य मरो अशी म्हण आपल्याकडे आहे. इथे गरजही सरली नव्हती आणि वैद्यालाही मरू देणार नव्हते. त्याला कामाला जुंपून ठेवणार होते. मी शिकलेली भाषा ही त्या माणसाची सोय झाली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, आणि बीळ मी दोन हिवाळे उकरलं होतं.

त्यानंतर क्लिनिकमध्ये एक वाक्य दिवसभर ऐकू यायला लागलं. "तिला येतं ना स्पॅनिश, तिला बोलवा." माझ्या टेबलावर कोणाचा तरी गुडघा अर्धवट वाकवून मी धरलेला असायचा आणि पलीकडून लीडची हाक यायची, "क्विक क्वेश्चन!" मी गुडघा हळूच खाली ठेवायचे, जायचे, त्याचं बोलणं तिकडे आणि तिकडचं त्याच्याकडे पोचवायचे, परत यायचे. खरं तर भिंतीजवळ दुभाष्याचा फोन आहे. बटण दाबलं की थोड्या वेळाने एक शिकलेला दुभाष्या लाइनवर येतो, आणि नियमाने त्यालाच बोलवायचं असतं. पण त्यात थांबावं लागतं, गाणं ऐकत बसावं लागतं. मी फुकट आणि लगेच. वर्षअखेर माझ्या कामाचा आढावा झाला, त्यात डायरेक्टरबाई म्हणाल्या, बाकी उत्तम, फक्त तुझे पेशंट फार वेळ ताटकळतात, टाइम मॅनेजमेंटवर काम कर. म्हणजे मार खायचा आणि वर तोंडही दाबून घ्यायचं.

घरी येऊन भांडी आपटली. नवरा म्हणाला, "यार, तू हो म्हणतेस म्हणून ते सांगतात. नाही म्हण ना." मला त्याचा भयंकर राग आला, कारण त्याचं खरं होतं. आमच्या घरात मोठ्यांना, साहेबाला, डॉक्टरला नाही म्हणायची पद्धतच नव्हती. पण त्या रात्री मी ठरवलं. माझी भाषा कामात धरा, नाहीतर वापरू नका. दुसऱ्या दिवशी लीडला आणि डायरेक्टरबाईंना दोघांनाही तोंडावर सांगितलं, की यापुढे माझ्या पेशंटशी मी स्पॅनिश बोलेन, बाकीच्यांसाठी फोन लावा. दोघेही हसून "शुअर, शुअर" म्हणाले. त्यांना वाटलं, दोन दिवसांत निवळेल.

त्याच आठवड्यात ती बाई आली. माझ्याच वयाची, हॉटेलच्या खोल्या आवरणारी. गाद्यांखाली चादरी खोचून खोचून उजवा खांदा फाटला होता आणि ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते. हात गळ्यातल्या निळ्या पट्ट्यात. अशा खांद्याला सुरुवातीचे काही आठवडे स्वतःहून हलवायची परवानगी नसते. हात आम्ही उचलायचा, पेशंटने नाही. ती लीडची पेशंट होती. मी शेजारच्या टेबलावर एकाचा घोटा बघत होते.

लीडने हाक मारली. मी म्हटलं, "फोन लाव." तो हसला, खांदे उडवले, आणि तिच्याशी इंग्लिशमध्येच बोलायला लागला, नेहमीपेक्षा मोठ्याने.

"घरी आराम चाललाय ना?"

"येस, येस."

"हात वापरत नाहीस ना?"

"येस. ओके. गुड."

तो खूश झाला. कॉम्प्युटरवर टाइप केलं आणि पुढच्या टप्प्याचा व्यायाम म्हणून तिच्या हातात काठी दिली, दोन्ही हातांनी धरून दुखरा हात वर न्यायला.

ते 'येस' मी ओळखत होते. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात माझी आई डॉक्टरपुढे असंच म्हणायची, "होय जी, होय जी." डॉक्टर भरभर बोलायचे, आई मान डोलवायची, आणि बाहेर आल्यावर मला विचारायची, काय म्हणले गं? डॉक्टर एवढे शिकलेले, त्यांना दोनदा विचारायचं म्हणजे त्यांचा अपमान. समजलं नाही म्हणायचं म्हणजे आपला. त्यापेक्षा हो म्हणून सुटायचं. त्या 'हो'चा अर्थ एवढाच, की साहेब, मी चांगली बाई आहे, रागावू नका. आमच्या लोकांनी हे ओळखायला हवं, कारण आमच्या घरोघरी तो 'हो' आहे. लीडला तो कुठून कळणार? त्याच्या गावी हो म्हणजे हो.

मग तिच्या पट्ट्याकडे माझं लक्ष गेलं. निळ्या कापडाच्या कडेला पांढरे डाग होते, ताजे. बाथरूम धुवायच्या ब्लीचचे. जवळून त्याचा वासही येत होता. बाई कामावर जात होती. त्या खांद्याने बाथरूम घासत होती, आणि आता तिच्या हातात काठी होती.

मी भडकले. लीडवर, डायरेक्टरबाईंवर, कॉन्व्हेंटवाल्या काकांवर, सगळ्यांवर एकदम. सगळ्यांत जास्त राग याचा आला, की इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी नाही म्हटलं आणि त्याचा भार नेमका हिच्या फाटक्या खांद्यावर येऊन पडला. मी बोलले तर उद्यापासून पुन्हा "तिला येतं ना." नाही बोलले तर हिचं टाके घातलेलं परत फाटणार.

मी उठले. तिच्या हातातली काठी काढून घेतली. लीडला म्हटलं, "हिला आज काहीही करायला लावू नकोस." भिंतीजवळचा फोन ओढून टेबलावर आणला, स्पीकर लावला आणि दुभाष्याचं बटण दाबलं. थांबा म्हणणारं ते गाणं सगळ्या हॉलभर वाजायला लागलं. पेशंट माना वर करून बघायला लागले.

लीड हळू आवाजात म्हणाला, "अगं, तुझ्यासाठी हे थर्टी सेकंदांचं काम आहे."

"मला माहीत आहे."

डायरेक्टरबाई केबिनमधून बाहेर आल्या. "काय झालं?"

"दुभाष्याची वाट बघतोय," मी म्हटलं.

"पण तुला येतं ना स्पॅनिश."

"मला येतं. लीडला येत नाही आणि पेशंट त्याची आहे. लीडला ते नेसेसरी नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात."

त्या वेटिंगमध्ये बसलेल्या माणसांकडे बघून हसल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. गाणं चालूच होतं. मी ती काठी घट्ट धरून ठेवली.

बाई इतका वेळ माझ्याकडे बघत होती. मला इतर पेशंटशी स्पॅनिशमध्ये बोलताना तिने ऐकलेलं होतं. तिने स्पॅनिशमध्ये हळूच विचारलं, "तू माझ्यावर रागावलीस का?"

"तुझ्यावर नाही गं."

"मग कोणावर?"

"ज्यांच्यावर रागावले त्यांना स्पॅनिश येत नाही."

ती फस्सकन हसली. हसता हसता कळ आली, खांदा धरला, डोळ्यांत पाणी आलं, तरी हसतच होती. मग पट्ट्यावरच्या डागांवर हात ठेवून खालच्या आवाजात म्हणाली, की मॅनेजरने हलकं काम सांगितलंय, फक्त बाथरूमं. मी म्हटलं, "हेच सगळं आता फोनवरच्या माणसाला सांग. नुसतं हो म्हणू नकोस. तो विचारेल त्याचं खरं उत्तर दे, कोणी रागावणार नाही."

गाणं थांबलं. दुभाष्याने नमस्कार केला, आधी इंग्लिशमध्ये, मग स्पॅनिशमध्ये.

लीड माझ्याकडे वळला, रोजच्या सवयीने, आणि विचारलं, "काय म्हणाली ती?"

मी फोन त्याच्यासमोर सरकवला. "त्याला विचार," म्हटलं, आणि माझ्या पेशंटच्या घोट्याकडे परत गेले.